लाकडी खुंट्यांचा कोट

"तुमच्या सासूबाई माझ्याकडे आहेत," मिसेस रॉसनी मला जिन्यातच अडवलं. "घाबरू नका. पाय गरम पाण्यात सोडून बसवलंय त्यांना."

मी घाबरले नाही. घाबरायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं. हातातली पिशवी तिथंच पायरीवर ठेवली आणि शेजारच्या त्या बाईंच्या स्वयंपाकघरात शिरले, तर आत्याबाई खुर्चीत बसलेल्या. नऊवारी सुती लुगडं, त्यावर एक विरलेली शाल, पाय टबात. ओठ जांभळे पडले होते. मला बघून त्यांनी पदर सारखा केला. जशा काही सहज चहाला म्हणून आल्या होत्या.

"आलीस व्हय?" एवढं म्हणाल्या आणि खोकायला लागल्या. खोकला थांबेना.

मिसेस रॉसनी मला बाजूला घेतलं. "परत बसस्टॉपवर उभ्या होत्या. दुपारपासून. बर्फ भुरभुरत होता आणि अंगावर हे असं पातळ कापड. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. छाती कफानं भरली आहे, आणखी एकदा अशी थंडी बाधली तर न्यूमोनिया, आणि या वयात न्यूमोनिया म्हणजे... पुढचं वाक्य डॉक्टरांनी पुरं केलं नव्हतं.

"माझ्याकडे फोन करायला येतात तेव्हा अगदी नीट असतात," त्या म्हणाल्या. "मी नंबर फिरवून देते, त्या बोलतात. पण नंतर थेट स्टॉपवर. पुढच्या वेळी मला कुणालातरी कळवावं लागेल, वैजयंती. म्हातारं माणूस घरी एकटं असतं, असं. मला सांगताना वाईट वाटतंय."

फोन गावाला, माझ्या दिराला जात असणार. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मी आत्याबाईंचे पाय पुसले, मोजे चढवले आणि त्यांना हाताला धरून घरी आणलं.

हे डंडीतलं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला खाडीकाठी ते शहर आहे, आणि डिसेंबरात तिथं दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडतो. संग्रामला तिथं नोकरी लागली म्हणून आम्ही गेलो. मलाही एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. लेकाचा संसार डोळ्यांनी बघावा म्हणून आत्याबाई उन्हाळ्यात आल्या होत्या, आणि ऑक्टोबरात संग्राम गेला. सकाळी चहा प्यायला, आंघोळीला गेला आणि तिथंच कोसळला. आत्याबाईंनीच दार ढकललं होतं.

दीर, धनाजीभाऊजी, आले. इथले सोपस्कार उरकले, अस्थी घेऊन कराडकडच्या आमच्या गावी गेले. तेरावं तिकडंच झालं. मग त्यांचा फोन आला, "सगळ्यांचे दुखवटे झाले, वहिनी. मला सासुरवाडीनं टॉवेल-टोपी घातली. आता आईला पाठवून द्या."

आत्याबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला होता. "धना, माझं हितलं एक काम ऱ्हायलंय. ते झालं की येते."

कसलं काम, ते मी विचारलं तर उत्तर नाही. आणि थोड्याच दिवसांत त्यांचं ते बसस्टॉपवर उभं राहणं सुरू झालं. संग्राम त्याच स्टॉपवर उतरायचा. येणाऱ्या प्रत्येक बसच्या दाराकडे त्या बघत राहायच्या, उतरणारं एकेक माणूस निरखायच्या. तो संध्याकाळी यायचा आणि या दुपारीच जाऊन उभ्या राहायच्या, पण दुःखाला कुठलं आलंय घड्याळ, असं मी मनाशी म्हटलं. लेक गेला हे म्हातारीच्या डोक्यात शिरतच नाही. तो उतरेल म्हणून वाट बघते. दुसरं काय समजणार होते मी?

"आत्याबाई, उद्या बाहेर पडू नका," त्या संध्याकाळी मी भात कालवून त्यांच्यापुढे ठेवला. "हात जोडते तुमच्यापुढं."

"बरं."

"कालही बरंच म्हणालात."

"तू जेव आधी. गालफडं बसली बघ तुझी."

"माझं सोडा! तुम्ही जाणार का उद्या?"

त्या भाताकडे बघत राहिल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या गप्प बसायच्या. मग मला कळायचं, उद्याही जाणार.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मी बाहेरून कुलूप लावलं. कोपऱ्यापर्यंतही गेले नाही. ज्या बाईनं मला सून म्हणून घरात घेताना उंबऱ्यावर माझ्याआधी माझ्या डोळ्यातलं पाणी पुसलं, तिला मी गोठ्यात कोंडल्यासारखी कोंडून चालले होते. धावत परत आले, कुलूप काढलं. आत्याबाई दाराच्या आतच उभ्या होत्या. त्यांनी आवाज ऐकला होता. मी जिन्यात बसून रडले आणि कामाला उशिरा पोचले.

त्या घरात आता त्यांच्याशिवाय माझं कुणी नव्हतं. माहेर तर मला लग्नाच्या दिवसापासूनच नव्हतं. संग्राम आमच्या जातीचा नाही म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझ्या नावानं आंघोळ केली होती, आणि प्रतापदादा, माझा सख्खा भाऊ, बर्मिंगहॅमला राहत असून संग्राम गेल्यावर त्याचा साधा फोनही आला नव्हता. म्हणजे आत्याबाई गेल्या, की मी संपले. स्वार्थ म्हणा हवं तर. मला त्या जिवंत हव्या होत्या.

उभं राहणं थांबवता येत नव्हतं. मग निदान अंगावर जाड कोट तरी असावा. शनिवारी त्यांना मी शहरातल्या मोठ्या दुकानात घेऊन गेले.

मी स्वतः संग्रामचं जाकीट घालायची. त्याची चेन तुटली होती, म्हणून एका मुठीत दोन्ही कडा गच्च धरून चालायची मला सवय झाली होती. दुसऱ्या हातात आत्याबाईंचं मनगट. नाताळची गर्दी, दिव्यांच्या माळा, स्पीकरवर गाणी. त्या आनंदाचा मला राग येत होता. असा राग येणं बरं नव्हे हे कळूनही येत होता.

कोटांच्या विभागात गळ्यात टेप अडकवलेली एक बाई होती. तिनं आत्याबाईंचं लुगडं, हातांतले माझे पुरुषी लोकरी हातमोजे बघितले आणि काही न विचारता पहिला कोट काढला. लांबलचक, फुगीर.

"ही गादी हाय," आत्याबाई म्हणाल्या. "गादी पांघरून हिंडतंय का कुणी?"

दुसरा बटणांचा, काळा.

"काळं नगं. काळं घालायचं न्हाई."

"इथं सगळे काळंच घालतात, आत्याबाई."

"घालू द्यात. आपल्याला नगं."

तिसऱ्याला चेन होती. त्यांनी चेन खालवर करून बघितली. "चेनीचा काय भरवसा? तुझी बघ की कशी दात इचकून बसलीया."

एकही कोट अंगात घातला नाही. पण बघत होत्या मात्र नीट. अस्तर उलटून बघायच्या, काखेतली शिवण ताणून बघायच्या, खांदे दोन्ही हातांत धरून माझ्याकडे एक नजर टाकायच्या आणि मग "नगं". टेपवाली बाई हसतमुख होती, पण तिचंही हसू आता ताणलं गेलं होतं.

"एकदा अंगात घालून तरी बघा."

"नगं."

"का पण?"

"नवं कापड हाय. मला नगं."

"मग काय जुनं आणू? कुणाचं उतरलेलं आणू?"

"वैजू, हळू बोल."

"नाही बोलणार हळू!" माझा आवाज माझ्याच कानाला ओळखू येईना. "त्या लुगड्यावरच जा मग स्टॉपवर! उभ्या राहा आणि मरा! एकाला पोचवलं, आता तुम्हाला पोचवते. मला पोचवायला मागं कुणी उरणार नाही, त्याचं काय? तुम्हाला मरायचंच असेल तर मला स्पष्ट सांगा, म्हणजे मी तरी वाट बघायची सोडते!"

गर्दी थबकली. एका बाईनं आपल्या मुलीला जवळ ओढलं. टेपवालीनं पुढं होऊन एक स्टूल सरकवलं आणि मी त्यावर बसले की पडले, मला आठवत नाही. तोंड जाकिटात खुपसून मी ढसाढसा रडत होते, आणि त्या जाकिटाला आता संग्रामचा वासही येत नव्हता.

आत्याबाईंनी मला थोपटलं नाही, की गप्प बस म्हटलं नाही. मला रडू दिलं जातंय, एवढं मला कळत होतं. जरा वेळानं वरून त्यांचा आवाज आला.

"ह्यो काय म्हणायचा, इचार तिला."

मी मान वर केली. शेजारच्या दांडीवरचा एक कोट त्यांनी हातात धरला होता. जाडजूड लोकर, मागं टोपडं, रंग नव्या गुळाच्या ढेपेसारखा. त्याला बटणं नव्हती, चेनही नव्हती. एका बाजूला दोरीचे फासे आणि दुसऱ्या बाजूला बोटाएवढ्या लाकडी खुंट्या.

टेपवाली बाई सांगू लागली आणि मी नाक पुसत एकेक वाक्य मराठीत करत गेले. हा जुना प्रकार आहे. समुद्रावरचे खलाशी घालायचे. गारठ्यानं बोटं आखडली तरी खुंटी धरता येते, हातमोजे काढावे लागत नाहीत.

आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग ते लोकरी हातमोजे घातलेल्या बोटांनीच एक खुंटी फाशात घातली, ओढून बघितली, परत काढली.

"ही तर शिवळ," त्या म्हणाल्या. जुवाला दोन्ही टोकांना लाकडी खुंटी असते, तिला त्यांच्याकडे शिवळ म्हणतात. बैलाच्या गळ्याखालून घेतलेला पट्टा तिच्यात अडकवतात. "अशी अडकवली की दिवसभर औत वढलं तरी सुटत न्हाई. मोडली तर दुसरं लाकूड घालावं. चेन मोडली की काय, सगळं जाकीटच गेलं. काढ ते."

"काय काढू?"

"जाकीट. मेल्या माणसाचं कापड तेराव्याला देऊन टाकायचं असतंय. तू अंगावर घिऊन हिंडतीस, मी बोलले न्हाई. आता काढ."

"आत्याबाई, आपण तुमच्यासाठी कोट घ्यायला आलोय."

"तू आलीस माझ्यासाठी. मी मघाधरनं तुझ्यासाठीच बघतीया."

मला काही कळेना. त्यांनी माझी मूठ धरली, जाकिटाच्या कडांवरची, आणि एकेक बोट सोडवलं.

"तुझा भाऊ आला न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "लई वाट बघितली."

"कोण भाऊ?"

"परताप. धनाला सांगून तुझ्या गावात माणूस घातला, नंबर काढला. ह्या शेजारणीकडनं फोन लावला. म्हणलं, बाबा, तुझी भन रांडावली. तुमचं जे काय वाकडं असंल ते ठिवा बाजूला, पर दुखवटा तेवढा घिऊन ये. माहेरचं कुणी आलं न्हाई तर तिनं दुःखातनं उठायचं कसं?"

आमच्याकडे ती रीत आहे. सुतक फिटतं, तेरावं होतं, पण माहेरचं माणूस येऊन नवं वस्त्र अंगावर घालून तोंड गोड करीपर्यंत दुःखातल्या माणसाचं दुःख सुटत नाही. तोवर नवं कापड ल्यायचं नाही, कुणाच्या दारात शुभकार्याला जायचं नाही. मी या गोष्टी मानत नव्हते. संग्राम गेल्यापासून मी घर आणि प्रयोगशाळा सोडून कुठंही गेले नव्हते, एवढं मात्र खरं.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं. माझा आवाज लहान झाला होता.

"येतो म्हणाला. दुपारच्या गाडीनं येतो. कंच्या दिवशी ते काय बोलला न्हाई. मग रोज जायाला नगं? परक्या गावात माणूस उतरणार, त्याला घर कसं घावायचं?"

"म्हणून तुम्ही स्टॉपवर..."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही ह्यांची वाट बघताय."

आतापर्यंत कोरडे असलेले आत्याबाईंचे डोळे भरून आले. "त्याची कशाला बघू? माझ्या मांडीवर गेला त्यो. त्यो येत न्हाई, मला ठावं हाय की गं. मी काय येडी हाय?"

मी तोंडावर हात धरला.

"काल परत फोन लावला," त्या पुढं म्हणाल्या. "त्याची बायको बोलली. पुन्यांदा फोन करू नगा म्हणाली आन ठिवला. मग रातभर इचार केला. म्हणलं, आता कुणाची वाट बघायची? आपणच घालू. घाल हात."

मी उठून हात घातले. कोट जड होता, अंगावर आला तसा खांद्यांवर बसला. आत्याबाईंनी खालून सुरुवात केली. वाकल्या, खोकल्या, थांबल्या, पुन्हा वाकल्या. एकेक खुंटी फाशात घालत वर आल्या. गळ्यापाशी आल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली. आत कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा होता, पार मऊ झालेला. हा खडा त्या रोज बांधून नेत होत्या. दादा आला असता की त्याच्या हातानं माझ्या तोंडात घालायला.

"आ कर," त्या म्हणाल्या. "रडत ऱ्हा, पर आ कर."

मी आ केला. गूळ गोड लागला, याचंच मला पुन्हा रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "झालं. तुझं माहेर मी. उठ आता ह्यातनं."

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझं काय?"

"तुमचा दुखवटा कुणी आणायचा? नवं कापड नको, नको म्हणताय ते म्हणूनच ना?"

त्यांनी हात झटकला. "माझं माहेर कवाच बुजलं. भाऊ गेला, भाचरं कुठं हायत ते त्यांचं त्यांस्नी ठावं. म्हातारीचं काय एवढं."

मी त्याच दांडीवरून तसलाच दुसरा कोट ओढून काढला. आखूड, त्यांच्या मापाचा. "माझ्या हातचा चालेल?"

"सुनंनं सासूला दुखवटा?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "आस्सं कुठं हाय?"

"सासूनं सुनेला तरी कुठं आहे?"

आत्याबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी एक हात पुढं केला, मग दुसरा. खुंट्या लावताना मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले होते, आणि माझ्या डोक्यावर टपटप काहीतरी पडत होतं. लेकासाठी त्या माझ्यासमोर पहिल्यांदाच रडत होत्या. घरात मी मोडू नये म्हणून त्यांनी ते दाबून धरलं होतं. उरलेला गूळ मी त्यांच्या तोंडात घातला.

टेपवाली बाई मघापासून पाठमोरी होऊन घडी घातलेल्या स्वेटरांच्या पुन्हा घड्या घालत होती. जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "यातला कोणता घेणार?"

"दोन्ही," मी म्हटलं. "अंगावरच राहू देत."

जाकीट आत्याबाईंनी दुकानाबाहेर बसलेल्या एका बेघर माणसाच्या खांद्यावर टाकलं. त्याला चेन तुटल्याचं हातानं दाखवलं आणि आपल्याच भाषेत सांगितलं, "सुईदोरा मार बाबा." तो हसला.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. आत्याबाई नाहीत. दादा पुढं एकदा आला, साडी घेऊन. मी त्याला जेवू घातलं आणि साडी परत दिली. माझा दुखवटा झाला होता.

पण मला सांगायचा आहे तो कोट घेतल्यानंतरचा सोमवार. मी कामावरून परतले. बस स्टॉपला लागली, खिडकीतून बघते तर आत्याबाई उभ्या. टोपडं डोक्यावर, खुंट्या गळ्यापर्यंत लावलेल्या, खाली लुगड्याचा काठ. उतरले ती ओरडतच.

"आता कशाला आलात? दादा येणार नाहीये!"

"त्याची वाट कोण बघतंय?" त्या म्हणाल्या. "गाडीतनं लेक उतरायची म्हणलं की मुराळी नगं व्हय स्टॅंडवर?"

मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला येणारं माणूस. मला न्यायला कधी कुणी आलं नव्हतं.

त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि चढ चढायला लागल्या. माझे दोन्ही हात मोकळे राहिले. ते कोटाच्या खिशांत घालून मी त्यांच्या मागोमाग घरी गेले.